जालन्याचा हापसा आणि गावाचा पाणवठा

आपल्याकडील मिशनकार्याचे इतिहास चाळले असता शाळा, दवाखाना, छापखाना, पवित्र शास्त्राचे भाषांतर व दुष्काळातील अनाथाश्रम यांना त्यांत स्वतंत्र प्रकरणे मिळालेली दिसतात. पाण्याच्या वाट्याला फार तर एखादा परिच्छेद येतो, तोही इमारतींच्या हिशेबात : अमुक साली आवारात विहीर खणली, तिला अमुक हात पाणी लागले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात महाराष्ट्रातील मिशनांच्या आवारांतून जी एक वस्तू निघाली आणि पुढे आशिया व आफ्रिका खंडांतील खेड्यांपर्यंत पोहोचली, तिचा उल्लेख या ग्रंथांत आम्हांस क्वचितच आढळतो. ती वस्तू म्हणजे हापसा. खेड्यापाड्यांत ‘हापसा’ किंवा ‘हापशी’ या नावाने ओळखला जाणारा, लांब दांड्याचा, लोखंडी, तीन पायांवर उभा असलेला हातपंप वाचकांपैकी प्रत्येकाने पाहिलेला असेल. त्याची वंशावळ जालना, वडाळा आणि सोलापूर या तीन ठिकाणी जाऊन पोहोचते, हे मात्र थोड्यांनाच ठाऊक असते.

ही कथा प्रामुख्याने प्रॉटेस्टंट मिशनांची आहे. आम्ही कॅथलिक परंपरेतले असलो तरी ती सांगताना आम्हांस परकेपणा वाटत नाही. कारण पाण्याच्या कामात हे भेद फार लवकर गळून पडले. १९६६ साली कॅथलिक व प्रॉटेस्टंट संस्थांनी मिळून ‘अ‍ॅक्शन फॉर फूड प्रॉडक्शन’ ही संस्था उभारली. अन्न व पाणी या प्रश्नांवर दोन्ही बाजूंच्या लोकांनी एका छपराखाली बसण्याचा तो आरंभीचा प्रसंग होय. अनेक वर्षांच्या चर्चासत्रांनी जे जमले नव्हते ते दुष्काळाने जमवून आणले, असे म्हटल्यास फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

परंतु हापशाकडे वळण्यापूर्वी विहिरीकडे पाहिले पाहिजे. महाराष्ट्रातील ख्रिस्ती समाजाचा मोठा भाग महार व मांग वस्त्यांतून आला. बाप्तिस्मा झाला म्हणून गावाची विहीर त्यांना मोकळी झाली नाही. पूर्वीप्रमाणेच काठापासून दूर उभे राहून कोणी पोहरा ओतील का याची वाट पाहणे त्यांच्या नशिबी राहिले. महात्मा फुले यांनी १८६८ साली आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. मुंबई विधिमंडळात रावबहादूर सी. के. बोले यांनी १९२३ साली सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव मंजूर करून घेतला. त्या ठरावाला कागदावरून तळ्याकाठी उतरण्यासाठी २० मार्च १९२७ चा महाडचा दिवस उजाडावा लागला. या पार्श्वभूमीवर मिशनच्या आवारातील विहीर ही केवळ सोय नव्हती. जालन्याजवळ रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी बेथेल नावाचे ख्रिस्ती गाव वसविले. ब्राह्मण कुळातील हे गृहस्थ १८४३ साली मुंबईत ख्रिस्ती झाले होते. गावासाठी निजामाचे दिवाण सालारजंग यांनी जमीन दिली, आणि तेथे येऊन राहिलेल्यांत मांग समाजातील माणसे पुष्कळ होती. स्वतःचे गाव म्हणजे स्वतःची वाट, स्वतःचे मंदिर आणि स्वतःचा पाणवठा. या तिहींतील शेवटची गोष्ट त्या बायाबापड्यांना किती मोलाची वाटली असेल, हे पाणी मागून प्यावे लागलेल्यालाच कळावे.

याच जालन्यात, सुमारे शंभर वर्षांनंतर, चर्च ऑफ स्कॉटलंडच्या मिशनने खडकात भोके पाडण्यास आरंभ केला. मराठवाड्याच्या पोटात काळा पाषाण आहे. वर हात-दोन हात माती, खाली मुरूम आणि त्याखाली लाव्ह्याचे एकावर एक रचलेले थर. आड किंवा विहीर खणणारा मुरुमातून उतरतो आणि पाषाणाला टेकला की थांबतो. फार तर सुरुंग लावून आणखी काही हात खाली जातो. मुरुमातील हे वरचे पाणी पावसाळ्यानंतर भरपूर असते आणि होळीनंतर आटू लागते. खरे टिकाऊ पाणी पाषाणाच्या भेगांत आणि दोन थरांच्या सांध्यांत साठते. तेथवर जाण्यासाठी हवेच्या दाबाने घाव घालणारे यंत्र लागते. बिहार व उत्तर प्रदेशातील भीषण अवर्षणात, १९६७ मध्ये, युनिसेफने अशी यंत्रे भारतात आणली. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्राला त्यांचे महत्त्व पटले. आठवडाभरात एक-दोन बोअर, आणि उन्हाळ्यातही पाणी : सरकारी अधिकाऱ्यांना व देणगीदारांना एकाच वेळी मोहात पाडणारे असे हे काम होते.

मोह लवकरच उतरला. बोअर झाली तरी तिच्या सहा इंची तोंडातून पोहरा खाली सोडता येत नाही, पंप हवाच. तेव्हा मिळणारे पंप बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे होते. त्यांची घडण युरोप-अमेरिकेतील शेतकऱ्यांच्या परसातील पंपांवरून घेतलेली. एक कुटुंब, दोन-चार गुरे, दिवसातून काही वेळा हलणारा दांडा, एवढाच हिशेब तिच्यामागे होता. आमच्या खेड्यात तोच दांडा पहाटे चारपासून रात्री दिवे मालवेपर्यंत थांबत नसे. हंड्यांची रांग, मधूनच लोंबकळणारी पोरे, कोणी जोर लावणारा गडी, कोणी नुकतीच बाळंत झालेली बाई. दांड्याच्या खिळी झिजत, भोके रुंदावत, आतला गज वाकडा चाले, बिडाला तडा जाई. १९७४ च्या सुमारास युनिसेफने पाहणी करविली तेव्हा बसविलेल्या पंपांपैकी सुमारे तीनचतुर्थांश बंद असल्याचे आढळून आले. हजारो बोअर पाण्याने भरलेल्या होत्या, आणि त्यांच्याभोवतालची माणसे पुन्हा डबक्यांकडे वळली होती.

मिशनांची माणसे गावातच राहणारी असल्यामुळे हे अपयश त्यांना अहवालातून कळण्याची गरज नव्हती. बंद पंपाची तक्रार घेऊन बायका थेट बंगल्याच्या पायरीशी येत. साठच्या दशकाच्या अखेरीस जालना मिशनच्या कार्यशाळेत बिडाला फाटा देऊन पोलादाचा जोडकामी पंप तयार झाला. अनेक खिळींच्या जागी एकच भक्कम टेकू, हे त्याचे मुख्य वैशिष्ट्य. नगर जिल्ह्यातील, आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील, नेवासे तालुक्यात वडाळा येथे अमेरिकन मराठी मिशनचे जुने ठाणे आहे. शेतीसुधारणेचा ध्यास घेतलेले रेव्हरंड सॅम्युएल फेअरबँक यांनी एकोणिसाव्या शतकात येथेच काम केले. जालन्याच्या पंपात सुधारणा होऊन पुढे जो पंप निघाला त्याला जालना व वडाळा या दोन नावांची अक्षरे जुळवून ‘जलवाड’ म्हणू लागले. नावात पाणी आपोआप आले, हा योगायोग सुखद आहे.

तिसरा टप्पा सोलापूरचा. सोलापूर वेल सर्व्हिस या संस्थेत ऑस्कर कार्लसन यांनी पंपाचा माथा नव्याने घडविला. दांड्याच्या पुढच्या टोकाला वर्तुळाच्या चतुर्थांशासारखा एक वक्र तुकडा, त्यावरून लोंबणारी दुचाकीसारखी साखळी आणि साखळीला टांगलेला गज, अशी ही रचना. दांडा कमानीत फिरला तरी साखळी वक्रावर गुंडाळली जाते व गज सरळ वरखाली जातो. टेकूच्या जागी झाकबंद बेअरिंग बसविले, त्यामुळे तेल घालण्याची आठवण ठेवावी लागत नाही. पंपाचे जोते बोअरच्या नळीला नुसते आवळून न ठेवता तिच्याभोवती काँक्रीटमध्ये रोवले. म्हणून ओट्यावर सांडलेले, गुरांनी तुडविलेले पाणी पुन्हा आत झिरपत नाही. या तिन्ही युक्त्या सांगावयास सोप्या आहेत. त्या सुचण्यासाठी मात्र पंपाजवळ पुष्कळ वेळ उभे राहावे लागते.

युनिसेफने सोलापूरचा माथा जुन्या पंपांवर बसवून पाहिला, तो टिकला. मग त्याच मूळ कल्पनेवर, कारखान्यात एकसारखा उत्पादन करता येईल असा पंप तयार करण्याचे ठरले. मद्रासची यांत्रिक संशोधन संस्था आणि रिचर्डसन अँड क्रुडास हा सरकारी कारखाना यांनी मिळून काम केले. कोइमतूर भागातील खोल बोअरवर कसून चाचण्या झाल्या. आणि १९७७-७८ पासून ‘इंडिया मार्क दोन’ या नावाने उत्पादन सुरू झाले. १९७९ साली त्याचे भारतीय मानक प्रसिद्ध झाले. त्यावर कोणाचाही एकाधिकार ठेवण्यात आला नाही. मानक पाळणाऱ्या कोणत्याही कारखान्याला तो बनविण्याची मुभा राहिली. संयुक्त राष्ट्रांनी १९८१ ते १९९० हे पेयजल दशक म्हणून पाळले. त्या काळात लाखो मार्क दोन भारतभर उभे राहिले व आफ्रिकेतही गेले. जालन्याचे नाव मात्र वाटेत कुठेतरी गळाले.

या पंपाने जे साधले त्यातील एक गोष्ट तरी आवर्जून नोंदवली पाहिजे. आजच्या तरुण वाचकांना ‘नारू’ हा शब्द कदाचित ठाऊकही नसेल. पायऱ्यांच्या विहिरीत व बारवेत माणसे उतरत, पायाच्या फोडातून नारूच्या अळ्या पाण्यात जात, आणि तेच पाणी पिणाऱ्याच्या अंगातून वर्षभराने हातभर लांबीचा जंत बाहेर पडू लागे. काडीला गुंडाळून तो रोज थोडाथोडा ओढून काढणे हाच त्यावरचा परंपरागत उपाय. महाराष्ट्रासह सात राज्यांत हा रोग होता. १९८३-८४ पासून त्याच्या उच्चाटनाची राष्ट्रीय मोहीम चालली. पाणी गाळणे, विहिरींत औषध टाकणे, पायऱ्या बुजवणे आणि हापसे बसविणे अशी तिची अंगे होती. शेवटचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये राजस्थानात आढळला आणि २००० साली भारत नारूमुक्त झाल्याचे जाहीर झाले. बोअरमध्ये कोणी पाय बुडवू शकत नाही, ही साधी गोष्ट येथे उपयोगी पडली. अर्थात बोअरचे पाणी नेहमीच निर्दोष असते असे नाही. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड या जिल्ह्यांतील काही भागांत खोल पाण्यातील फ्लोराइडने दात व हाडे खिळखिळी केली. नितळ पाणी आणि शुद्ध पाणी यांतील फरक डोळ्यांना दिसत नाही.

पंप उत्तम असला तरी तो बिघडतोच, आणि येथून इतिहासाचा अधिक अवघड भाग सुरू होतो. मार्क दोनच्या तळाशी, कधी शंभर-सव्वाशे फुटांवर, दट्ट्याला चामड्याचे वॉशर असते. ते झिजले की सारी नळमालिका बाहेर काढावी लागते. चार-सहा माणसे, तिकाटणे, खास पाने आणि ते वाहून आणणारी गाडी. तामिळनाडूने यासाठी तीन पायऱ्यांची व्यवस्था केली : गावात देखभाल करणारा, गटात मिस्त्री, जिल्ह्यात फिरते पथक. कागदावर ती सुरेख होती. पथकाची गाडी येईपर्यंत आठवडे जात आणि तोवर वरचा मजबूत माथा निरुपयोगी उभा राही. राजस्थानातील तिलोनिया येथील संस्थेने उलट वाट धरली. गावातल्याच माणसाला मिस्त्री केले. पुढे त्याच राज्यात व उत्तर प्रदेशातील बांदा जिल्ह्यात बायकांनी पाने हाती घेतले. १९८३ ते १९८८ या काळात कोइमतूरला चाललेल्या प्रयोगांतून ‘मार्क तीन’ निघाला. त्याची नळी रुंद असल्यामुळे नळ्या न उपसता नुसत्या गजाने दट्ट्या वर ओढता येतो. पंप सुधारण्याचा हा दुसरा अध्याय गावकऱ्यांच्या मनगटाचे माप घेऊन लिहिला गेला.

उत्पत्तीच्या सव्विसाव्या अध्यायात इसहाक नव्या विहिरींसाठी भांडत बसत नाही हे आपण शिकवतो. त्याआधी त्याने आपल्या बापाच्या, पलिष्ट्यांनी बुजविलेल्या विहिरी उकरल्या आणि त्यांना बापाने दिलेलीच नावे पुन्हा दिली, हे आपण घाईने वाचून पुढे जातो. नव्या बोअरला फीत कापण्यासाठी पाहुणे मिळतात. वॉशर बदलण्यास मिळत नाहीत. मिशनांनाही हा मोह टळला होता असे आम्ही म्हणणार नाही. परदेशी वर्गणीदारांना धाडण्यासाठी उसळत्या पाण्याचे छायाचित्र लागते, आणि दहाव्या वर्षी बदललेल्या साखळीचे छायाचित्र कोणी मागत नाही.

याहून कठीण प्रश्न हापशाच्या जागेचा आहे. सत्तरच्या दशकात डॉ. बाबा आढाव यांनी ‘एक गाव, एक पाणवठा’ ही चळवळ चालविली. कायद्याने अस्पृश्यता संपून वीस वर्षे झाली होती, तरी खेड्यामागून खेड्यात दलितांचा पाणवठा वेगळाच आहे, हे त्यांनी गावोगाव हिंडून दाखवून दिले. नेमक्या याच वर्षांत बोअरची यंत्रे गावांत शिरत होती. विहीर एकच असते तेव्हा ती कोणाची हा तंटा टळत नाही. बोअर मात्र दोन पाडता येतात. एक गावात आणि एक वस्तीत. सरकारी यंत्रणेने हेच केले, मिशनांनीही बहुतेक ठिकाणी हेच केले. वस्तीची तहान भागली आणि गावाची विहीर जशी होती तशी राहिली.

याचा निवाडा सोपा नाही. ज्या बाईने जन्मभर दुसऱ्याच्या पोहऱ्याची वाट पाहिली, तिच्या दारात हापसा आला तेव्हा तिने तो वेगळेपणाची खूण म्हणून नाकारावा, अशी अपेक्षा करण्याचा अधिकार आम्हांस नाही. तिने स्वतःच्या हाताने दांडा दाबला, हे लहान नव्हते. तथापि इतिहासकाराने हेही लिहिले पाहिजे की बाबा आढाव जो प्रश्न चव्हाट्यावर मांडत होते त्याला बोअरने बगल दिली, आणि ख्रिस्ती संस्थांनी त्या बगलेचा आनंदाने स्वीकार केला. योहानाच्या शुभवर्तमानातील विहिरीकाठच्या प्रसंगावर आम्ही शेकडो प्रवचने केली असतील. प्रभूने शोमरोनी स्त्रीला वेगळी विहीर खणून दिली नाही. त्याने तिच्याजवळ पाणी मागितले. त्याच्यापाशी पोहरा नव्हता. म्हणजे प्यायचे तर तिच्याच भांड्यातून. तिचे आश्चर्य भांड्याबद्दलचे आहे, आणि मराठी वाचकाला त्यावर टीप देण्याची गरज पडू नये. गंमत अशी की हापशाच्या पोटातले वॉशर चामड्याचे होते. ते चामडे कोणी कमावले हे गावात कोणी विचारीत नसे. पाणी त्यातूनच वर येई.

ज्यांची विहीरच पाण्याखाली जाते त्यांचा विचार येथे केल्यावाचून राहवत नाही. धरणग्रस्तांना नव्या गावठाणात ज्या नागरी सुविधा द्यावयाच्या त्यांत पिण्याचे पाणी येते. महाराष्ट्रात १९७६ पासून पुनर्वसनाचे कायदे झाले, तेही कोयनेसारख्या धरणांतून माणसे उठविली गेल्यावर. आमच्या डोळ्यांपुढे दमणगंगेचे खोरे आहे. नाशिक जिल्ह्यात दिंडोरी तालुक्यात उगम पावून ही नदी दादरा-नगर हवेलीत उतरते, सिल्वासाजवळ अथालवरून जाते आणि दमणला समुद्राला मिळते. १७८३ साली मराठ्यांनी पोर्तुगीजांना दिलेला हा मुलूख २ ऑगस्ट १९५४ रोजी मुक्त झाला व १९६१ मध्ये भारतात विलीन झाला. डोंगराकडचा भाग वारली, कोकणा, कातकरी या लोकांचा. अथालच्या वरच्या अंगाला, गुजरातच्या हद्दीत, मधुबन येथे नदीवर धरण झाले. गुजरात, दादरा-नगर हवेली आणि दमण या तिघांसाठी. पाण्याचा फुगवटा हवेलीच्या पूर्वेकडील आदिवासी गावांत शिरला. आज दुधनी येथे त्याच जलाशयात पर्यटकांच्या नावा फिरतात. खाली सिल्वासा-वापीच्या पट्ट्यात कारखाने उभे राहिले.

या मुलखात पाऊस उदंड पडतो, पण उतार तीव्र व खडक तोच काळा. पाणी धावत निघून जाते. सीमेपलीकडील जव्हार-मोखाड्यात एप्रिल-मेमध्ये टँकरची वाट पाहणारे पाडे दरवर्षी वृत्तपत्रांत दिसतात. अशा ठिकाणी डोंगरावर नव्याने बसविलेल्या वस्तीला एक बोअर मारून देणे हा पुनर्वसनाचा स्वस्त मार्ग होय. जुन्या गावाला नदी होती, झरा होता, डवरा होता. एक आटला तर दुसरा. नव्या जागी एकच दांडा, आणि तो बिघडला तर तक्रार नेमकी कोणत्या राज्याच्या कोणत्या कचेरीत करायची हाच प्रश्न. नदीच्या वरच्या अंगाला भुगड येथे आणि तिची उपनदी वाघ हिच्यावर खारगीहिल येथे धरणे बांधून ते पाणी पिंजाळमार्गे मुंबईला नेण्याची योजना आहे. तिच्या अहवालासाठी २०१० साली केंद्र व दोन राज्ये यांच्यात करार झाला, आणि त्या भागातील आदिवासी तिला विरोध करीत आले आहेत. मुंबईची तहान खोटी आहे असे कोणी म्हणणार नाही. तिच्यासाठी किती पाण्याची गरज आहे याचा हिशेब घनमीटरांत मांडला जातो. डवऱ्याचा हिशेब मांडायला तसे माप नाही.

इकडे मराठवाड्यात हापशाचे दिवस दुसऱ्याच कारणाने भरत आले. मार्क दोन साधारण पंचेचाळीस मीटरपर्यंतच्या पाण्यासाठी घडवलेला आहे. त्याखाली तोच दांडा माणसाच्या हाताला जड होतो. शेतातील बोअर याच्या कितीतरी खाली गेल्या आणि विजेच्या मोटरी रात्रंदिवस उपसू लागल्या. १९९३ च्या भूजल कायद्याने सार्वजनिक पाणवठ्यापासून पाचशे मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर खोदण्यास मनाई केली. त्याची जागा पुढे २००९ च्या अधिक व्यापक कायद्याने घेतली. आपल्या गावात हे पाचशे मीटर कोणी कधी पावलांनी मोजले आहेत का, याची वाचकांनीच चौकशी करावी. हापसा तसाच उभा असतो, बेअरिंग शाबूत, साखळी शाबूत, आणि दांडा दाबला की आतून फक्त हवेचा सुस्कारा येतो.

२०१९ पासून घरोघरी नळ देण्याची केंद्राची योजना चालू आहे आणि नळ आल्यावर हापशाची गरज उरत नाही असे समजले जाते. राज्याच्या भूजल सर्वेक्षण यंत्रणेने विदर्भातील आदिवासी पाड्यांवर वेगळा प्रयोग केला. एकाच बोअरमध्ये सौर विजेवरचा पंप खाली सोडायचा, त्याने उंच टाकी भरून काही नळ द्यायचे आणि वरचा हापसा तसाच ठेवायचा. ऊन असते तोवर टाकी भरते. आभाळ दाटले, किंवा मोटर बिघडून मिस्त्रीची वाट पाहण्याची पाळी आली, की पाड्यावरच्या बायका हंडे घेऊन पुन्हा दांड्यापाशी येतात.